दहीहंडीचे थर किती लावायचे, हे नक्की ठरवतं कोण?

१६ ऑगस्ट २०२५ ला ठाण्यात विक्रम झाला. संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीवर कोकण नगर गोविंदा पथकानं दहा थर लावले. त्याच दिवशी जोगेश्वरीच्या जय जवान पथकानंही दहा थर लावून दाखवले. इतकी वर्षं नऊवर अडलेला आकडा एका दिवसात पुढे सरकला. व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल, कदाचित दोन-तीनदा.

याच्या सहा दिवस आधीचीही एक बातमी आहे. ती तेवढी फिरली नाही. १० ऑगस्टला दहिसरमध्ये एका पथकाचा सराव सुरू होता. वरच्या थरावरून ११ वर्षांचा मुलगा खाली पडला आणि गेला. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायचं नाही, हे २०१७ मध्येच ठरलेलं आहे. तरीही तो वर होता. पुढे पथकाच्या अध्यक्षावर गुन्हा दाखल झाला.

मग हंडीचा दिवस आला. मानखुर्दमध्ये हंडीची दोरी बांधताना पडून ३२ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. दिवस संपेपर्यंत मुंबईतल्या जखमी गोविंदांचा आकडा ३०० च्या वर गेला होता.

यानंतर दरवर्षी होतं तेच झालं. एक गट म्हणाला, बंद करा हा प्रकार. दुसरा म्हणाला, आमच्याच सणावर डोळा का? दोन दिवस कमेंटमध्ये हाणामारी झाली, तिसऱ्या दिवशी गणपतीच्या मूर्तींचे रील्स सुरू झाले.

या भांडणात एक साधा प्रश्न बाजूला पडतो. सात लावायचे, नऊ लावायचे की दहा, हा निर्णय होतो कुठे? पथकाच्या आत होतो की स्टेजवर? उत्तर शोधायला गेलं की फक्त दहीहंडी कळत नाही. कोणताही गट कसा चालतो, त्यात कोण कोणाचं ऐकतं, लोक एकमेकांसाठी जीव का टाकतात आणि हे सगळं कुठे बिघडतं, तेही कळतं.

पथक उभं कसं राहतं?

मुंबई-ठाण्यातली बरीच पथकं गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू करतात. तिथून गोपाळकाल्यापर्यंत दीड महिना असतो. दिवसा कोणी कुरिअर पोहोचवतो, कोणी बँकेत असतो, कोणी कॉलेजला जातो. रात्री सगळे मैदानात किंवा गल्लीत जमतात. पगार कोणालाच नसतो. बहुतेक जण एकाच चाळीतले, वस्तीतले किंवा आसपासच्या बिल्डिंगमधले.

काम वजनानुसार आणि अनुभवानुसार वाटलेलं असतं. सगळ्यात खाली दणकट, वयानं मोठी माणसं. त्यांच्याभोवती आधार देणारा घोळका. वर जाल तसे अंगानं हलके लोक आणि टोकाला बाळगोविंदा. बाहेर उभा असलेला प्रशिक्षक ओरडून सूचना देतो, कारण खालच्या थरातल्या माणसाला वर काय चाललंय ते दिसत नाही. त्याला फक्त खांद्यावरचं वजन कळतं.

हे वजन किती असतं? एक ढोबळ हिशोब करू. समजा वरचे तीन थर एकेका माणसाचे आहेत आणि त्यांची वजनं वरून खाली २५, ४० आणि ५० किलो आहेत. एकूण ११५ किलो. त्यांच्या खाली दोघे असतील, तर प्रत्येकाच्या खांद्यावर साधारण ५७ किलो. हे दोघे ६० किलोचे धरले, तर त्यांच्या खालच्या तिघांना मिळून २३५ किलो पेलायचे, म्हणजे प्रत्येकी ७८. ते तिघे ६५ किलोचे असतील, तर त्यांच्या खालच्या चौघांवर एकूण ४३० किलो येतात. प्रत्येकाच्या वाट्याला १०७.

हा हिशोब फक्त मनोरा स्थिर असतानाचा आहे. वरचा एक जण जरा हलला की सगळा भार एका बाजूला जातो. तेव्हा १०७ चे किती होतात, ते त्या खांद्यालाच माहीत.

याच हिशोबात लहान मुलाचा मुद्दाही दडलेला आहे. टोकाला २५ किलोच्या मुलाऐवजी ५० किलोचा तरुण चढवला, तर तळाच्या माणसाला फार मोठा फरक पडत नाही. खरी अडचण वरच्या, एकेकाच्या थरांची होते. जो ४० किलोचा पोरगा २५ किलो पेलत होता, त्याला आता स्वतःपेक्षा जास्त वजन पेलायचं असतं. म्हणजे वयाचा नियम मनापासून पाळायचा, तर बहुतेक पथकांना एक थर सोडावा लागेल. सगळी रस्सीखेच त्या एका थराची आहे.

मान कोणाला आणि हुकूम कोणाचा?

फोटोत दिसतो तो सगळ्यात वरचा. पण कोणत्याही जुन्या पथकात जाऊन विचारा, शब्द कोणाचा चालतो? उत्तर बहुतेक वेळा तळाच्या थरात उभं राहून वर्षानुवर्षं खांदे झिजवलेल्या माणसाकडे किंवा त्यातूनच पुढे प्रशिक्षक झालेल्याकडे बोट दाखवतं.

माणसांच्या गटात वरचढ होण्याचे दोन रस्ते असतात, अशी मांडणी जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट या अभ्यासकांनी २००१ मध्ये केली. पहिला रस्ता धाकाचा. ऐकलं नाहीस तर नुकसान करीन. दुसरा प्रतिष्ठेचा. याला काम येतं, याच्याकडून शिकता येतं, म्हणून लोक आपणहून ऐकतात. धाकातला माणूस पाठ फिरताच लोक पांगतात. प्रतिष्ठेतला माणूस नसला तरी त्यानं शिकवलेलं चालू राहतं.

चांगलं पथक दुसऱ्या रस्त्यानं चालतं. 'खाली या' असा आवाज आला की वरचा प्रश्न विचारत बसत नाही. ज्यानं आवाज दिला त्यानं आपल्यासारखेच थर चढलेत, पडला आहे, परत उभा राहिला आहे, हे त्याला माहीत असतं. उतरंड तिथेही आहे, आणि चांगली कडक आहे. पण तिच्यात हुकूम देणारा आणि वजन पेलणारा एकाच गल्लीतले असतात. चुकीचा हुकूम दिला तर रात्री हॉस्पिटलच्या बाहेर त्यालाच उभं राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच पोराच्या आईसमोरून जायचं असतं.

इथे अंग चोरता का येत नाही?

मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. १९१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. एकटा माणूस जितका जोर लावतो, तितका तो गटात लावत नाही. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाचा सरासरी जोर जवळपास निम्म्यावर येतो. थोडा जोर ताळमेळ नसल्यामुळे वाया जातो आणि थोडा 'बाकीचे आहेत की' या भावनेमुळे.

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुम्ही हे पाहिलंच असेल. नाव पाच जणांचं, रात्र जागली एकीनं.

मनोऱ्यात ही सोय नाही. तुमच्या खांद्यावर कोणाचा पाय आहे, हे तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही कळतं. तुम्ही ढिले पडलात तर शेजारच्याला त्याच सेकंदाला समजतं, कारण तुमचे हात एकमेकांच्या खांद्यांत अडकलेले असतात. कामाची वाटणी स्पष्ट आहे आणि चूक लगेच दिसते. त्यातून जी ओळख तयार होते ती पक्की असते. लोक नोकरी बदलतात, घर विरार-बदलापूरला नेतात, तरी गोपाळकाल्याला जुन्या गल्लीत हजर होतात. एकी, एकी म्हणून भाषणात जे सांगितलं जातं, ते इथे दीड महिना रोज रात्री घडवलेलं असतं.

मग खुन्नस कुठून येते?

शेजारच्या पथकापेक्षा एक थर जास्त लावायचा, ही ईर्षा जुनी आहे. तिच्यात वाईट काही नाही. बाहेर स्पर्धा असली की आतली भांडणं विसरली जातात, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे.

समाजमानसशास्त्रात यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलांचे दोन गट केले. आधी दोघांना वेगवेगळं ठेवलं, मग बक्षिसं लावून सामने घेतले. काही दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, झेंडे जाळले गेले, रात्री एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले झाले. नंतर दोघांना मिळूनच सोडवता येतील अशा अडचणी पुढे टाकल्या. पाणी बंद पडलं, जेवण आणायला जाणारा ट्रक अडकला. रस्सीखेचीला वापरलेल्याच दोरानं दोन्ही गटांनी मिळून तो ट्रक ओढला. हळूहळू वैर निवळलं.

धडा सरळ वाटतो. बक्षीस एकच असलं की गट भिडतात, अडचण सामाईक असली की जवळ येतात. पण या गोष्टीला एक मागची बाजूही आहे. त्याआधी १९५३ मध्ये शेरीफ यांनी असाच प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता. तिथली मुलं आधीच एकमेकांना ओळखत होती. कोणीतरी मुद्दाम आपल्यात लावून देतंय, असा त्यांना संशय आला आणि ती भांडलीच नाहीत. दोन गटांतलं वैर आपोआप वाढत नाही, बऱ्याचदा मैदान आखणाऱ्याचा त्यात हात असतो, असं या प्रयोगांवर टीका करणारे पुढे म्हणाले.

दहीहंडीत मैदान आखतं कोण? इथून पुढची गोष्ट स्टेजवर जाते.

हंडी गल्लीतून चौकात आली तेव्हा

पूर्वी गल्लीतली हंडी गल्लीतलेच लोक बांधायचे आणि गल्लीतलीच पोरं फोडायची. हळूहळू हंडी मोठ्या चौकात आली आणि राजकीय नेते आयोजक झाले. ठाण्यात टेंभी नाक्याची आनंद दिघेंची हंडी होतीच. पुढे जितेंद्र आव्हाड, प्रताप सरनाईक, मनसेचे अविनाश जाधव, घाटकोपरला राम कदम अशी नावं हंडीशी जोडली गेली. बक्षिसं हजारांतून लाखांत गेली. डीजे, सिनेमातले पाहुणे, टीव्हीचे कॅमेरे आले. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकानं नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा मनोरा रचला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्यानंतर सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा बसला.

पक्ष फुटले तेव्हा हंड्याही फुटल्या. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यावर ठाण्यात टेंभी नाका एका गटाचा, जांभळी नाका दुसऱ्याचा, असं चित्र दिसलं. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तर आपण दीड महिन्यापूर्वीच ५० थरांची अवघड हंडी फोडली, अशा अर्थाचं भाषण केलं. ५० म्हणजे त्यांच्यासोबतचे आमदार, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

२०२५ मध्ये वाद झाला तो प्रो गोविंदा स्पर्धेत जय जवान पथकाला जागा न मिळाल्याचा. पथक ५ जुलैच्या ठाकरे बंधूंच्या मेळाव्याला गेलं होतं, त्याची ही शिक्षा आहे, असा आरोप झाला. नोंदणी वेळेत झाली नाही, असं आयोजकांनी सांगितलं. खरं काय, ते बाजूला ठेवा. गल्लीतल्या पोरांनी कोणत्या मंचावर जावं, यावरून वाद होऊ शकतो, इतकी ही साखळी घट्ट झाली आहे.

आता पथकाच्या बाजूनं पाहा. दीड महिन्याच्या सरावाचा खर्च, ट्रक, खाणं, टी-शर्ट, मॅट, हेल्मेट, कोणाचं हाड मोडलं तर उपचार. वर्गणीतून हे भागत नाही. टी-शर्टवर नेत्याचा फोटो येतो, कारण पैसे तिथून येतात. त्या दिवशी पथक एकाच हंडीवर जात नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रकमधून फिरतं, ठिकठिकाणी सलामी देतं आणि जितके थर तितके पैसे घेतं. आठ थर पाचांपेक्षा किती महाग, हे बॅनरवरच लिहिलेलं असतं. संध्याकाळी पाय थरथरत असताना, 'एक अजून लावू' हा मोह त्या बॅनरवरून येतो.

"आमच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही," असं गोविंदा सांगतात, आणि ते खोटं नाही. ईर्षा त्यांची आहे, मेहनत त्यांची आहे, विक्रमाचा आनंदही त्यांचाच आहे. पण आकडा स्टेजवरून येतो आणि वजन खांद्यावर येतं. पथकाच्या आत जो हुकूम देतो तो परिणामही भोगतो, असं आपण वर पाहिलं. या जागी नेमकं तेच तुटतं. मनोरा कोसळला तर आयोजकाचं काय जातं? माईकवरून 'गोविंदांना काळजी घ्यायची विनंती' होते आणि पुढच्या पथकाला बोलावलं जातं.

दहिसरच्या घटनेत गुन्हा पथकाच्या अध्यक्षावर दाखल झाला. सरावात मूल पडलं, तर जबाबदारी पथकाची, हे बरोबरच आहे. पण एक थर वाढवायला बाळगोविंदा लागतो आणि त्या थराला लाखांचा भाव येतो तो बाहेर. त्या भावाची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही.

कोर्टानं काय केलं, सरकारनं काय केलं?

थोडक्यात घटनाक्रम असा.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं १८ वर्षांखालच्यांना बंदी घातली आणि मनोऱ्याची उंची २० फुटांवर आणली. नऊ थर म्हणजे सुमारे ४४ फूट, या हिशोबानं २० फूट म्हणजे जेमतेम चार थर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या वर्षी काही अटी शिथिल झाल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारनं दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २० फूट आणि १८ वर्षं या अटी सैल करायला नकार दिला. मग प्रकरण परत उच्च न्यायालयात आलं. ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीची अट गेली. १४ वर्षांखालची मुलं सहभागी होणार नाहीत, हे सरकारचं म्हणणं न्यायालयानं नोंदवून घेतलं.

२०२२ मध्ये हंडीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत पुन्हा साहसी खेळाच्या दर्जाची घोषणा केली. मृत्यू झाल्यास १० लाख, गंभीर अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत मदत आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणात गोविंदांना जागा, असं त्यात होतं. नोकरीच्या मुद्द्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी नाराजी दाखवली. नंतरच्या वर्षांत सरकारी विमा योजना आली आणि २०२५ मध्ये ती दीड लाख गोविंदांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला.

विमा हवाच. हातावर पोट असलेल्या घरात कमावता मुलगा अंथरुणाला खिळला तर काय होतं, ते घरातल्यांनाच विचारा. पण विमा पडल्यानंतरचा विचार करतो. तो का पडला, हे विमा विचारत नाही. आणि नियमानं जो मुलगा थरावर असूच शकत नाही, त्याचं नाव विम्याच्या यादीत कोण टाकणार?

म्हणजे दहा वर्षांत भांडण झालं ते उंचीवर, वयावर आणि भरपाईवर. आकडा ठरवणाऱ्याला हात कोणीच लावला नाही.

स्पेनमध्येही मनोरे असतात, तिथे काय करतात?

गिनीजच्या विक्रमात आपली चुरस ज्यांच्याशी होती, ते स्पेनमधल्या कॅटलोनियाचे लोक. त्यांच्याकडे दोनेकशे वर्षांपासून मानवी मनोरे रचतात. त्यांना कास्तेल्स म्हणतात. २०१० मध्ये युनेस्कोनं त्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दहा थर त्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीसच लावले होते.

तिथेही टोकावर लहान मूलच चढतं, त्यामुळे 'तिकडे बघा, सगळं छान' असं म्हणायची सोय नाही. २००६ मध्ये मातारो शहराच्या पथकातली १२ वर्षांची मुलगी पडून गेली. त्यानंतर तिथल्या लहान मुलांच्या डोक्यावर हेल्मेट कायमचं आलं.

तरी त्यांच्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, मनोरा पूर्ण कधी झाला याची व्याख्या. टोकावरच्या मुलानं हात वर केला की मनोरा रचला गेला, पण काम तिथे संपत नाही. सगळे सुखरूप खाली उतरले तरच तो पूर्ण धरतात. उतरताना कोसळला तर नोंद वेगळी होते आणि स्पर्धेत गुण कमी मिळतात. आपल्याकडे सलामी झाली की डीजे वाजतो आणि कॅमेरा स्टेजकडे वळतो. उतरण्याकडे लक्ष असतं ते फक्त खालच्या थराचं.

दुसरी, तळाच्या माणसाला माहिती देण्याची पद्धत. मनोरा चढत असताना सनईच्या जातीचं एक वाद्य वाजत राहतं. चढण कुठपर्यंत आली, टोक गाठलं का, उतरायला सुरुवात झाली का, यानुसार सूर बदलतो. मान खाली घालून उभ्या असलेल्या शेकडो लोकांना वर न बघता सगळं कळतं. ज्याच्यावर सगळ्यात जास्त भार, त्याला सगळ्यात आधी खबर. आपल्या हंडीत मात्र डीजेच्या भिंतीपुढे प्रशिक्षकाचा आवाजही खाली पोहोचत नाही.

मग करायचं काय?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गावची कुरणं, पाणी, मासेमारीची जागा अशा सामाईक गोष्टी लोक मिळून कशा सांभाळतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना दिसलेल्या गोष्टींपैकी एक अशी की, ज्यांना नियमाचा फटका बसतो त्यांचा नियम ठरवण्यात हात असेल, तर ती व्यवस्था टिकते. लक्ष ठेवणारेही त्यांच्यातलेच लागतात आणि नियम मोडला तर शिक्षाही पायरीपायरीनं वाढत जावी लागते.

दहीहंडीला हे लावलं तर चार गोष्टी निघतात.

एक, बक्षीस उतरल्यावर द्या. सलामीला अर्धं, सगळे जमिनीवर सुखरूप आल्यावर अर्धं. बॅनरवर तसं छापा. मनोरा कोसळला तर आयोजकानं ते उरलेलं अर्धं जखमींच्या उपचाराला द्यावं.

दोन, वयाचा पुरावा आयोजकानं हंडीखाली उभं राहण्याआधी तपासावा. १४ वर्षांखालचा मुलगा वर दिसला, तर पथकासोबत आयोजकाचंही नाव नोटिशीत यावं. आज आयोजक पथकाकडून लेखी हमी घेऊन मोकळा होऊ शकतो.

तीन, सरावाकडे लक्ष द्या. हंडीच्या दिवशी पोलीस, रुग्णवाहिका, कॅमेरे असतात. दीड महिन्याच्या सरावात यातलं काहीच नसतं. नोंदणी, मॅट आणि वयाची तपासणी तिथेही हवी. हे काम पथकांच्या समन्वय समितीतल्या जुन्या गोविंदांकडे दिलं तर कोणत्याही सरकारी अधिकाऱ्यापेक्षा ते चांगलं करतील. थर कोणत्या बाजूला झुकतोय, हे त्यांना लांबून कळतं.

चार, तळाच्या थराला 'बास' म्हणायचा हक्क द्या. खालच्या कोणीही आवाज दिला की मनोरा उतरवायचा आणि त्यासाठी पैसे कापायचे नाहीत. माईक धरणाऱ्यानं त्या वेळी 'एक अजून, एक अजून' म्हणत गर्दीला चढवायचं नाही.

यासाठी सण बंद करावा लागत नाही. उंचीवर फुटांचा दांडकाही ठेवावा लागत नाही. पुढच्या वर्षी एखादं पथक अकरा थर लावेलही. ते अकरा त्यांच्या प्रशिक्षकानं, त्यांच्या सरावावर आणि त्यांच्या तळाच्या खांद्यांवर भरवसा ठेवून ठरवलेले असतील, तर मनापासून टाळ्या वाजवू.

हीच चाचणी इतर ठिकाणीही लावून बघा. ऑफिसमध्ये टार्गेट कोण ठरवतं आणि रविवारी लॅपटॉप उघडून कोण बसतं? सोसायटीत पुनर्विकासाचा आग्रह कोणाचा आणि भाड्याच्या घरात चार वर्षं कोण काढतं? पक्षात आदेश कोणाचा आणि रस्त्यावर केस कोणाच्या अंगावर पडते? वरचा माणूस असणं ही अडचण नाही, गट चालायला तो लागतोच. चूक झाली तर त्याच्याही पायाखालचं काही सरकतं का, एवढं पाहायचं.

पुढच्या गोपाळकाल्याला व्हिडिओ बघाल, तेव्हा सलामीनंतर लगेच स्क्रोल करू नका. पोरं खाली उतरेपर्यंत थांबा.